आधी असाइनमेंट, मग लेक्चर: कॉलेजचा कोर्स उलट्या टोकाकडून कसा बांधावा

नवा विषय शिकवायला आला की आपण काय करतो? अभ्यासक्रमाचा कागद पुढ्यात घेतो, युनिटं मोजतो, आठवड्यांनी भागतो. पाच युनिटं, पंधरा आठवडे, म्हणजे दर युनिटला तीन. मग पहिल्या युनिटचं पीपीटी करायला बसतो. असाइनमेंटची आठवण होते ती सबमिशनची तारीख तोंडावर आल्यावर, रात्री साडेदहाला, आणि त्या घाईत 'व्याख्या सांगून गुणदोष लिहा' हा सनातन प्रश्न जन्माला येतो.

मीही बरीच वर्षं हेच केलं. संख्याशास्त्राच्या एका वर्गात ५८ जणांना सरासरी, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) आणि बहुलक (सगळ्यात जास्त वेळा आलेली किंमत) यांचे गुणदोष लिहायला दिले होते. तपासायला बसलो तर जवळपास चाळीस वह्यांत 'मध्यक'च्या जागी 'मध्यम', तेही नेमक्या त्याच ओळीत. मूळ वही कोणाची हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ घालवली. ती काही सापडली नाही, पण त्या नादात एकच उत्तर इतक्या वेळा वाचावं लागलं की शेवटी माझाच प्रश्न मला टोचायला लागला. अठ्ठावन्न जणांचं उत्तर एकच येणार असेल, तर ते अठ्ठावन्न वेळा वेगवेगळं लिहून काढण्यात कसलं शहाणपण? पोरांचा हिशेब बरोबर होता. उतरवून काढण्याच्याच लायकीचं काम मी दिलं होतं.

तेव्हापासून क्रम उलटा ठेवतो. शेवटी मुलांनी काय करून दाखवायचं ते पहिल्यांदा ठरवायचं, त्यावरून असाइनमेंट लिहायची आणि असाइनमेंटवरून तास आखायचे. कल्पना माझी नाही. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ साली ती व्यवस्थित मांडली. पुढे लिहितोय ती तिची माझ्या हाताला बसलेली आवृत्ती. उदाहरण संख्याशास्त्राचंच घेतलंय, कारण ते मला जवळून माहीत आहे. तुमचा विषय इतिहास असो की रसायन, खटाटोप तोच.

पायरी १: 'समजेल' हा शब्द खोडा

कोर्सच्या उद्दिष्टांचा कागद काढा आणि त्यातली 'समजेल', 'माहिती होईल', 'जाणीव निर्माण होईल' ही क्रियापदं लाल पेनाने खोडा. समजलं की नाही हे बाहेरून दिसत नाही. त्या जागी दिसेल असं क्रियापद घाला: निवडेल, तपासेल, दुरुस्त करेल, पटवून देईल, मांडणी करेल. 'विद्यार्थ्याला मध्यवर्ती मापं (म्हणजे सरासरी, मध्यक, बहुलक) समजतील' याचं माझ्याकडे असं झालं: 'दिलेल्या आकड्यांसाठी कोणतं माप वापरायचं हे विद्यार्थी ठरवेल आणि आकडेवारी न शिकलेल्या माणसाला त्याचं कारण सांगेल.' वाक्य लांबलं, पण असाइनमेंट त्यातच दडलेली आहे.

शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांची शिकण्याच्या पातळ्यांची १९५६ सालची उतरंड बहुतेकांना ट्रेनिंगमध्ये दाखवलेली असते. २००१ मध्ये ती सुधारली गेली आणि पायऱ्यांना क्रियापदांची नावं मिळाली: आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्माण करणे. यादी म्हणून ती उपयोगी आहे. मात्र ती जिन्यासारखी वापरायची, म्हणजे पहिले दोन महिने फक्त 'आठवणे' आणि 'निर्माण' अगदी शेवटच्या आठवड्यात, हे मला पटत नाही. पहिल्याच आठवड्यात एखादा निर्णय घ्यायला लावा. चुकीचा घेतील. घेऊ द्या. आपलं कुठे अडलं हे कळलेला विद्यार्थी व्याख्या वेगळ्या कानांनी ऐकतो.

एका कोर्सला अशी चार-पाच वाक्यं पुरे. बारा झाली तर समजा की छाटणी झालेली नाही.

पायरी २: असाइनमेंट लिहा, पूर्ण लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझी जुनी असाइनमेंट तुम्ही वर वाचलीच. तिच्या जागी आता हे देतो:

'एका काउंटरवर दहा जणांना किती मिनिटं थांबावं लागलं त्याची नोंद अशी: ४, ५, ५, ६, ६, ७, ७, ८, ९, ९३. काउंटरच्या प्रमुखाला बाहेर बोर्ड लावायचा आहे: "इथे साधारण इतकी मिनिटं थांबावं लागतं." बोर्डावर कोणता आकडा लिहावा? तुमचा सल्ला एका पानात द्या. तुमच्या आकड्याने कोणाची दिशाभूल होऊ शकते, हेही सांगा.'

यात होतं काय, बघा. सरासरी येते १५ मिनिटं, पण दहापैकी नऊ जण दहा मिनिटांच्या आत मोकळे झालेत. १५ हा आकडा एकाच्याही वाट्याला आलेला नाही. मध्यक येतो साडेसहा. तो खरा वाटतो, पण ९३ मिनिटं ताटकळलेल्या माणसाला पूर्ण गिळून टाकतो. बहुलक काढायला गेलात तर ५, ६ आणि ७ असे तीन निघतात, म्हणजे तोही कामाचा नाही. सूत्रं तीच आणि गुणदोषही तेच, मात्र आता ते कुठून उतरवून घेता येत नाहीत. वर्गात 'मध्यक'वाले आणि 'दोन्ही आकडे लिहा'वाले असे तट पडतात. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, '९३ वाला जेवणाच्या सुट्टीत आला असणार, त्याला वगळा.' वगळायचं का, आणि ते कोणी ठरवायचं, यावर उरलेला तास गेला. पाठ्यपुस्तकात त्याला टोकाच्या मूल्यांचा प्रश्न म्हणतात.

चांगल्या असाइनमेंटची माझी कसोटी एवढीच: दोन हुशार विद्यार्थी वेगवेगळ्या निष्कर्षांवर येऊ शकतात का, आणि दोघांनाही पूर्ण गुण मिळू शकतात का? 'हो' असेल तर ती द्या.

आता कागदावर ती कशी मांडायची ते. कॉलेजच्या अध्यापनावर काम करणाऱ्या मेरी-ॲन विंकेलमस यांनी यासाठी तीन खण सुचवले आहेत आणि मी ते जसेच्या तसे वापरतो: हे का करायचं, काय करायचं, आणि कशावरून तपासलं जाईल. 'का'मध्ये 'अभ्यासक्रमात आहे म्हणून' असं लिहू नका. दोन ओळींत खरं कारण सांगा. 'काय'मध्ये पानं, तारीख, पोचवायचं कसं आणि पहिलं पाऊल कोणतं ते लिहा. पहिलं पाऊल लिहिणं फार महत्त्वाचं. घरात कॉलेजला जाणारी पहिलीच व्यक्ती असलेल्या मुलाला 'सल्ला द्या' म्हणजे नेमकं कशापासून सुरुवात करायची हे विचारायचाही संकोच वाटतो. ज्याच्या घरी विचारायला कोणी आहे त्याचं निभावतं, आणि आपण तो फरक हुशारीचा समजून बसतो. तिसऱ्या खणात निकष लिहा. त्याकडे तपासणीच्या वेळी येऊ.

पायरी ३: स्वतः सोडवा, घड्याळ लावून

ही पायरी सगळे गाळतात. कागद समोर ठेवा आणि विद्यार्थ्यासारखं उत्तर लिहा. तुम्हाला लागलेल्या वेळेला किमान तीनने गुणा.

गुणायचं का, त्याला एक छान गोष्ट आहे. १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये मानसशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला. ऐकणाऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. वर्गात आपण वाजवणारे असतो.

सोडवताना शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि जिथे जिथे काही 'आपोआप' केलंत तिथे ते टिपा. मी काउंटरचा प्रश्न सोडवला तेव्हा यादी अशी निघाली: आकडे चढत्या क्रमाने आहेत हे पाहिलं, ९३ वर नजर थांबली, सरासरी काढण्याआधीच ती फुगणार हे कळलं, वाचणाऱ्याला 'मध्यक' शब्द माहीत नसेल म्हणून तो टाळून वाक्य लिहिलं. यातली एकही गोष्ट माझ्या जुन्या पीपीटीत नव्हती. त्यात होती मध्यकाची व्याख्या, सूत्र आणि आठ गुणदोष.

पुढच्या तासांचा मजकूर या कोऱ्या कागदावरून काढायचा. त्यावर जे आलं नाही आणि पुढच्या युनिटलाही लागत नाही, ते वाचायला द्या किंवा सरळ सोडा. पोर्शन संपवायचं दडपण मला माहीत आहे. पण पोर्शन आपला संपतो, मुलांचा संपतोच असं नाही.

पायरी ४: तासाला एक चांगला प्रश्न

एरिक मझूर हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांच्या मुलांना अवघड गणितं सुटत, पण बलाविषयीचे साधे, आकडे नसलेले प्रश्न घातले की ती गडबडत. वर्गातून तर प्रश्न आला की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं. त्यानंतर १९९१ पासून त्यांनी वर्गाची रचनाच बदलली: थोडं बोलायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं.

महागडी यंत्रं लागत नाहीत. अ, ब, क, ड लिहिलेली चार कार्डं किंवा छातीशी धरलेली चार बोटं चालतात (छातीशी, म्हणजे मागच्यांना दिसत नाहीत आणि हुशार मुलाकडे बघून हात वर होत नाहीत). आकड्यांचा अंदाज असा ठेवा: तिसापेक्षा कमी टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चा घेऊ नका, पुन्हा समजवा, आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्यात अर्थ नाही. सत्तरच्या वर गेली तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे चला. मधला पट्टा सोन्याचा, तिथे त्यांना बोलू द्या.

प्रश्न मात्र मन लावून घडवावा लागतो. माझा एक:

'मघाच्या यादीतला ९३ हा आकडा चुकून लिहिला होता. खरा ३९ होता. दुरुस्ती केल्यावर मध्यक (अ) कमी होईल, (ब) वाढेल, (क) तोच राहील, (ड) पुन्हा सगळं मांडल्याशिवाय सांगता येणार नाही.'

उत्तर क. ३९ हाही यादीत सगळ्यात मोठाच राहतो, मधल्या दोन जागा हलत नाहीत. 'अ' निवडणारा मध्यकाला सरासरीसारखा समजतोय, कारण सरासरी खरंच १५ वरून ९.६ वर येते. 'ड' निवडणाऱ्याला कृती येते, पण कल्पना बसलेली नाही. प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या खऱ्या गैरसमजातून आलेला हवा. तो सुचत नसेल तर मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा. चुकांची एवढी मोठी खाण दुसरीकडे मिळणार नाही. 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय मात्र कायमचा सोडून द्या, त्यातून तुम्हाला काहीच कळत नाही.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शिका. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारे बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, फळ्यापाशी उभं राहून मोजा म्हणजे कळेल. मी मनात प्रश्न एकदा पुन्हा वाचतो, तेवढा वेळ बरोबर जातो.

हे सगळं करून फरक पडतो का? स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के निघालं, मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के.

एक गोष्ट मात्र करू नका: डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे असे मुलांचे गट पाडून प्रत्येकासाठी वेगळं साहित्य. ट्रेनिंगमध्ये हे फार उत्साहाने सांगितलं जातं. त्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही. आकृती काढायची ती विषयाला गरज असेल तेव्हा, आणि मग ती सगळ्यांसाठीच.

पायरी ५: जुनं परत मागा

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी बघितलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने उलटं झालं: लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून पास होणारा पोरगा पुढच्या सेमिस्टरला कोरा का असतो, याचं उत्तर इथे आहे.

तासाची पहिली पाच मिनिटं यासाठी राखून ठेवा. वही बंद, तीन प्रश्न: एक मागच्या तासाचा, एक दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा, एक अगदी सुरुवातीचा. गुण नाहीत, किंवा नुसती हजेरी. उत्तरं लगेच फळ्यावर. तयारीला तुम्हाला काही लागत नाही, आणि हजेरी घेण्यातला गोंधळही वाचतो.

गटात काम द्यायचं का?

द्या, पण 'चौघांनी मिळून एक प्रोजेक्ट' असं नको. त्यात एकजण करतो, एकजण बाइंडिंग करून आणतो, आणि बाकीच्या दोघांची नावं मुखपृष्ठावर असतात. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये काढलेली जिगसॉ पद्धत बरी: प्रत्येकाकडे माहितीचा वेगळा तुकडा, आणि चारही तुकडे जोडल्याशिवाय उत्तर निघत नाही. शेवटचा निष्कर्ष प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचा आणि गुण त्यालाच. मग कोणी कोणाचं ऐकलं नाही ते आपोआप दिसतं.

पायरी ६: तपासणीचं गणित आधीच करा

५८ कागद, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे ५८० मिनिटं. जवळपास पावणेदहा तास. एवढा वेळ तुमच्याकडे नसेल तर ती असाइनमेंट तशी देऊच नका. एक पानाची करा. कोपऱ्यात नुसती सही करून परत गेलेला तीन पानी निबंध मुलांना एवढंच शिकवतो की इथे कोणी वाचत नाही.

निकष तीन ठेवा. काउंटरच्या कामाला माझे हे होते: आकडा बरोबर काढला का, त्या आकड्याने कोण झाकलं जातं हे सांगितलं का, आकडेवारी न शिकलेल्या माणसाला सल्ला वाचता येतो का. प्रत्येकासमोर 'झालं', 'अर्धं', 'नाही'. सात निकष आणि प्रत्येकाला पाच पातळ्या असलेले तक्ते फाइलमध्ये शोभून दिसतात, वापरताना मात्र आपण सगळ्यांना मधलाच खण देत सुटतो.

गुण आणि शेरा एका दिवशी देऊ नका. शिक्षण-संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या वेळी सुधारली. गुण आणि शेरा एकत्र मिळालेल्यांना त्या शेऱ्याचा फायदा झाला नाही. आकडा दिसला की नजर तिथेच थांबते, हे आपण स्वतःच्या बाबतीतही कबूल करू. म्हणून मी कच्चा कागद मागवतो, त्यावर एकच प्रश्न लिहितो ('९३ मिनिटं थांबलेल्या माणसाने हा बोर्ड वाचला तर?'), आठवड्याने पक्का कागद घेतो आणि गुण त्याला. पाच-सहा चुका सगळ्यांच्याच असतात. त्या प्रत्येकाच्या कागदावर लिहित बसण्यापेक्षा फळ्यावर एकदाच घ्या.

एआयचं काय? काउंटरचा प्रश्न चॅटबॉटला घातलात तर तो झकास उत्तर देतो, मी घालून बघितलाय. पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी विसंबत नाही. ती निर्दोष मुलालाही दोषी ठरवतात, आणि एकदा तसं झालं की त्या वर्गाशी असलेलं आपलं नातं संपतं. त्यापेक्षा आकडे त्यांनाच गोळा करून आणायला लावा, कच्चा कागद वर्गात बसून हाताने लिहून घ्या, आणि शेवटी दोन मिनिटांची तोंडी: 'तू ९३ वगळलास. का?' ५८ जणांचे दोन तास होतात. पुन्हा ते गणित आलंच, म्हणून हे सेमिस्टरमध्ये एकदाच.

मुलं कुरकुरतील

'सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात.' हे ऐकायला मिळेल, आणि लागेलही. २०१९ मध्ये लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात नेमकं हेच मोजलं: काम करायला लावलेल्या मुलांना चाचणीत जास्त आलं, पण आपण जास्त शिकलो असं वाटलं ते सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना. डोक्याला ताण पडला की आपल्याला काही येत नाही असं वाटतं. पहिल्याच तासाला हे त्यांना सांगून टाका. नंतर सांगितलं तर सबब वाटते.

तासाच्या शेवटी कागदाच्या तुकड्यावर एक ओळ लिहून घ्या: आज सगळ्यात अंधुक काय राहिलं? चिठ्ठ्या वाचायला दहा मिनिटं लागतात, आणि पुढच्या तासाची सुरुवात कुठून करायची ते कळतं.

पहिल्या वर्षी हे सगळं अख्ख्या कोर्सला लावू नका. एक युनिट निवडा, मुलं जिथे दरवर्षी आडवी होतात ते. त्याची एक असाइनमेंट, चार-पाच प्रश्न, एवढंच. बाकीचं जुनं पीपीटी चालू द्या.

आणि असाइनमेंटची एक प्रत फाइलला लावून ठेवा, तपासणी संपली त्याच दिवशी समासात नोंदी करून. माझ्या पहिल्या वर्षीच्या प्रतीवर असं लिहिलंय: 'पहिल्या वेळी "काउंटरच्या प्रमुखाला सल्ला द्या" एवढंच लिहिलं होतं. सात जणांनी काउंटर कसा चालवावा यावर एकेक पान लिहिलं, दुसरा माणूस नेमा म्हणाले. चूक माझी. पुढच्या वेळी: बोर्डावर कोणता आकडा लिहावा, एवढाच सल्ला.'